तिसरा राक्षस

उठायचं नाही! गोष्ट सुरू झाली की संपेपर्यंत कुणीही जागेवरून उठायचं नाही, हा आमच्या कारिगदूचा नियम, आणि ‘का?’ असं विचारायचं नाही हा त्या नियमाचा नियम! लहानपणी एकदा मी विचारलं होतं, तर नॅपला आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिट्टी मारली. “का म्हणजे? अर्ध्या गोष्टीतून उठलं की गोष्टीतली माणसं मागोमाग घरी येतात, म्हणून!” आता मला सांगा, लहान पोरीला याहून मोठं आमिष कुठलं? फिन, आमच्या जुन्या गोष्टींतला महावीर, आणि त्याचे सगळे योद्धे, कुत्र्या-घोड्यांसकट, आमच्या स्वयंपाकघरात! मी तर उठायलाच निघाले होते... तेव्हा मग पुरावा काढण्यात आला. म्हणे गावातल्या बार्टलीचा बाप एकदा व्यायला आलेली गाय बघायला म्हणून गोष्टीतून उठून गेला आणि गाय मेली! अहो, ती गाय म्हातारी होती, वासरू आडवं आलं होतं, जनावरांचा डॉक्टर हात धुऊन घरी गेला होता... पण नाही! गाय मेली ती फिनमुळे!

तेव्हा तुम्हीपण बसा. हो, तुम्हालाच म्हणतेय, दाराजवळचे! घड्याळ बघू नका. मी सुरू केलंय.

तर तुम्हाला सांगते, आमचा कथामहोत्सव. साउनच्या सणाला, म्हणजे हिवाळा दारात येऊन उभा राहतो ना, तेव्हा भरतो. गावच्या हॉलमध्ये. लोक किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गोष्टी ऐकायला येतात, आणि अध्यक्ष आमचे फेस्टीकाका. अध्यक्ष का, तर हॉलच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. आणि किल्ल्या त्यांच्याकडे का, तर ते अध्यक्ष! या वर्षी रेडिओवाले येणार होते, वर पाहुण्यांची एक बस येणार होती, आणि बस अंधार पडायच्या आत परत जायला हवी, कारण आमचा रस्ता तुम्ही पाहिलेला नाही. म्हणजे मुख्य गोष्ट दुपारी. झालं! कमिटीच्या बैठकीत सगळे खुर्चीत ताठ झाले. कारण दुसरा नियम: फिनची गोष्ट दिवसाउजेडी सांगायची नाही! 

मी म्हटलं, “मग नका सांगू फिनची. दुसरी सांगा. मांजरांच्या राजाची सांगा.”

फेस्टीकाका घसा खाकरून म्हणाले, “डर्वला, बाळ, तू कॉलेजात गेलीस, चांगली गोष्ट आहे. तिकडे गोष्टींची परीक्षा घेतात. आमच्याकडे गोष्ट आमची परीक्षा घेते.” सगळ्यांनी माना डोलावल्या. या वाक्याला काही अर्थ आहे का? मला सांगा, आहे? पण डोलावल्या!

आणि मग या शहाण्या माणसांनी काय करावं? दिवसाउजेडी गोष्ट चालत नाही ना? मग दिवसालाच झाकायचं! गुरांसाठी मुरघास करून ठेवतात ना, त्याचे गठ्ठे ज्याच्यात गुंडाळतात ते काळं जाड प्लॅस्टिक... ते आणलं बार्टलीच्या शेतावरून, आणि हॉलच्या सगळ्या खिडक्यांवर ठोकलं! बाहेर लख्ख ऊन, आमच्याकडे वर्षातून मोजके दिवस पडतं तसलं, आणि आत काळामिट्ट काळोख, आणि त्या काळोखाला आंबलेल्या गवताचा वास! बसमधल्या बाया रुमाल नाकाला लावून आत आल्या आणि एकमेकींना म्हणाल्या, “किती अस्सल आहे नाही सगळं!”

पण मला हसू येत नव्हतं.

कारण गोष्ट सांगणार होते आजोबा. माझे आजोबा, कोल्मन. नॅपला आत्याचे आणि माझ्या बाबांचे वडील. आणि गोष्ट कुठली, तर ‘लाटेखालच्या राजाने चोरलेला विस्तव’. ती फक्त आजोबांकडे आहे. त्यांच्याकडे त्यांच्या मामांकडून आली. दुसऱ्या कुणी ती सांगायची नाही, जिवंत माणसाची गोष्ट त्याच्यासमोर सांगणं म्हणजे त्याच्या अंगावरचा कोट काढून घेणं, हा आणखी एक नियम. आणि त्यांना अडखळताना शब्द पुरवायचा नाही, कारण शब्द पुरवणं म्हणजे शवपेटीला खिळा. आणि बाईने तर फिनची गोष्ट सांगायचीच नाही, कारण बाईने वीरकथा सांगणं आणि कोंबडीने आरवणं सारखंच अशुभ! इतके नियम, की गोष्टीपेक्षा नियम ऐकण्यातच हिवाळा संपावा!

आणि आजोबा विसरतात. 

बघा, मी हे तुम्हाला दोन शब्दांत सांगितलं. गावात हे वाक्य कुणी उच्चारत नाही! आजोबा किटली रिकामीच गॅसवर ठेवतात. आजोबा गेलेल्या आजीला जेवायला हाक मारतात. आजोबांचे बूट एकदा फ्रीजमध्ये सापडले, आणि तुम्हाला सांगते, नॅपला आत्याने ते बाहेर काढले, पुसले, दाराशी ठेवले, आणि लोण्याचा डबा घेऊन फ्रीज बंद केला! एक शब्द नाही! मी म्हटलं, “आत्या, आजोबांना या वर्षी गोष्टीच्या खुर्चीत बसवू नका.” तर म्हणे, “का? काय झालंय त्यांना?” मी म्हटलं, “तू आत्ता काय काढलंस फ्रीजमधून?” तर म्हणे, “लोणी.”

थकलेत! हा गावाचा शब्द. कोल्मन थकलाय. दुकानात थकलाय, चर्चमध्ये थकलाय, भर रस्त्यात उभं राहून स्वतःच्या घराचा पत्ता विचारला तरी थकलाय!

आणि त्या दिवशी सकाळी मी त्यांना गाडीतून हॉलकडे नेत होते. कोट घातलेला, केस ओले करून बसवलेले, हातात टोपी. बराच वेळ खिडकीतून समुद्र बघत होते. मग एकदम माझ्याकडे न बघता म्हणाले, “डर्वला, राक्षस किती गं?”

“तीन, आजोबा.”

“तीनच.” टोपी फिरवत राहिले. “मला माहीत आहे. तुला माहीत आहे का ते बघत होतो.”

आता सांगा! अशा माणसाला गोष्ट सांगायला बसवायचं?

हॉलमध्ये शिरले आणि आत्याला कोपऱ्यात गाठलं. आत्या चहाच्या बंबात पाणी भरत होती. तो आमचा विजेचा बंब, सगळ्या गावाला चहा पाजेल एवढा! गोष्ट संपता संपता पाणी उकळायला हवं, म्हणून आत्या तो गोष्ट सुरू होतानाच लावते. वर्षानुवर्षांचा हिशोब, कधी चुकत नाही. मी म्हटलं, “आत्या, ते अडकले तर?” 

“अडकणार नाहीत.”

“पण अडकले तर?”

आत्याने बटण दाबलं, बंबाचा लाल दिवा लागला. म्हणाली, “तर आपण गप्प बसायचं. कोल्मनला या गावाने कधी खाली पाहायला लावलं नाही, आणि आजही लावणार नाही. जा, बस.” आणि फेस्टीकाकांनी आतून दाराला कडी घातली. कारण गोष्ट सुरू झाली की उठायचं नाही!

अंधार. दोन लाल ठिपके, एक रेडिओवाल्याच्या यंत्राचा, एक बंबाचा. आणि त्या अंधारात आजोबांचा आवाज...

अहो, तो आवाज! सगळं विसरावं आणि तो ऐकावा. बूट हरवणारा म्हातारा गेला कुठल्या कुठे! “तेव्हा मी असतो तर आज नसतो, आज आहे म्हणजे तेव्हा नव्हतो, आणि यात खोटं निघालं तर ज्याने मला सांगितलं त्याच्या थडग्यावर जाऊन भांडा!” हॉल एका श्वासाने पुढे झुकला. लाटेखालच्या राजाने फिनच्या चुलीतला विस्तव चोरून नेलाय, सगळा देश गारठलाय, आणि फिन समुद्राच्या तळाशी चाललाय तो परत आणायला. आणि लाटेखालून वर आला एका डोक्याचा राक्षस! 

आणि मग धाव. धाव म्हणजे गोष्टीतला तो तुकडा, जो एका दमात, घोडा उधळावा तसा म्हणायचा, शब्द इकडचा तिकडे होता कामा नये. लढाई आली की धाव आली. आजोबांनी श्वास भरून घेतला आणि... “पाय रोवला तिथे विहीर, पाय उचलला तिथे टेकाड, श्वास घेतला तर पश्चिमेचं धुकं आत, श्वास सोडला तर पूर्वेची झाडं आडवी, ढालीवर ढाल अशी आपटली की डोंगरापलीकडच्या मेंढ्यांनी चरणं सोडलं आणि चंद्राने तोंड फिरवलं, आणि ज्याने पाहिलं त्याने ऐकलं नाही, ज्याने ऐकलं त्याने पाहिलं नाही, आणि जो सांगतोय तो तिथे नव्हताच!” 

“देव तुझ्या पाठीशी, कोल्मन!” लोक ओरडले. हे ओरडायला परवानगी आहे. मग दोन डोक्यांचा राक्षस. पुन्हा तीच धाव, शब्दाला शब्द! ती संपत आली तसा मी श्वास सोडला. म्हटलं, डर्वला, तू उगाच घाबरतेस, तू कॉलेजात जाऊन भित्री झालीस. आता तीन डोक्यांचा, मग शेवट, मग चहा.

धाव संपली. “...आणि जो सांगतोय तो तिथे नव्हताच!” 

आणि मग... काही नाही.

एवढीशी शांतता. दुसऱ्या कुणाला कळलीही नसेल. पण मी पुढच्या रांगेत होते, मला खुर्चीच्या हातावर त्यांची नखं घासताना ऐकू आली. खर्र... खर्र... आणि मग आवाज आला, मोठा, आनंदी, वाट सापडलेल्या माणसाचा: “आणि लाटेखालून वर आला एका डोक्याचा राक्षस!”

घ्या! 

तुमच्या लक्षात येतंय का काय झालं ते? धाव दर वेळी तीच! तिच्यातून बाहेर पडताना आपण कितव्या लढाईतून बाहेर पडतोय, हे सांगणाऱ्यालाच माहीत असावं लागतं. ते निसटलं, की गोल रस्ता! एका डोक्याचा मेला, धाव, दोन डोक्यांचा मेला, धाव, खर्र... खर्र... आणि लाटेखालून वर आला एका डोक्याचा राक्षस! हा जिवंत कसा झाला म्हणून कुणी विचारलं का? कुणी हूं की चूं केलं का? छे! “देव तुझ्या पाठीशी, कोल्मन!” उलट जास्त जोरात! 

बसमधल्या बाईने शेजारणीला हळूच विचारलं, “हा मघाशी मेला नव्हता का?” शेजारीण म्हणाली, “शू! याचा भाऊ असेल.”

आणि तिकडे बंब तापला. आधी गुणगुणला. मग झाकण थडथडायला लागलं. उठून बटण बंद करायला माणसं किती लागतात? एक! पण उठायचं नाही ना! सगळ्या हॉलला ऐकू येतंय, आत्याला ऐकू येतंय, आत्याचा जीव त्या बंबात अडकलेला, बंब कोरडा पडला तर जळणार, आणि आत्या आपली अंधारात स्थिर, पुतळ्यासारखी! वाफ छताला लागली, खाली टपटपायला लागली. फेस्टीकाकांना तर चहाच्या आधीच बाहेर जायची सवय, वयाचा प्रश्न आहे, त्यांची खुर्ची करकरायला लागली होती... पण उठले नाहीत! बसचा ड्रायव्हर दाराशी कडी चाचपत होता, त्याला कुणीतरी कोटाला धरून खाली बसवलं.

पुन्हा दोन डोक्यांचा मेला. पुन्हा धाव. पुन्हा ती शांतता, आणि दर वेळी ती मोठी होत होती हो... पहिल्यांदा एका श्वासाची, मग दोन श्वासांची, आणि नखं... आणि माझ्या लक्षात आलं. त्यांना माहीत आहे. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला पक्कं माहीत आहे की आपण इथे आत्ताच येऊन गेलोय. ते काळोखात भिंत चाचपतायत, दार सापडत नाहीये, आणि आम्ही सगळे दाराशी बसून टाळ्या वाजवतोय!

मला राहवलं नाही. परवानगी असलेलीच युक्ती केली. ओरडले, “देव तुमच्या पाठीशी, आजोबा! आता येऊ दे तीन डोक्यांचा!”

फेस्टीकाका मागून फुसफुसले, “डर्वला! ही दाद नाही, याला शब्द पुरवणं म्हणतात!”

आजोबा थांबले. “कोण बोललं?” म्हणाले. त्या आवाजात भीती होती. मी माझ्या आयुष्यात त्यांच्या आवाजात भीती ऐकली नव्हती. कुणी उत्तर दिलं नाही. मीसुद्धा नाही. हो, मीसुद्धा, जिचं तोंड शाळेपासून बंद होत नाही ती! आणि मग त्यांनी काय केलं असेल? गडबडलेला माणूस जे करतो तेच. ओळखीच्या जागी परत गेले. “आणि लाटेखालून वर आला... एका डोक्याचा...”

बंबाने एक किंकाळी फोडली. आणि मी उठले.

उठले! खुर्ची मागे पडली, धाड! सगळा हॉल एकदम आत श्वास ओढताना ऐकू आला. मी अंधारात बंबाकडे निघाले, कुणाच्या तरी पिशवीत पाय अडकला, कुणाच्या तरी मांडीवर हात टेकला, “माफ करा” म्हटलं, लाल ठिपका गाठला आणि बटण बंद केलं. शांतता! लोकांना वाटलं, चला, पोरगी बंबासाठी उठली. आत्याने हाताला धरलं, हळूच म्हणाली, “बरं केलंस. आता बस.” 

आणि मी बसणारही होते, खरंच. पण म्हटलं, एक नियम मोडलाच आहे तर सुटे कशाला मोडा? ठोकच मोडू! 

मी उभ्या उभ्या, बंबाला टेकून, म्हटलं: “आणि लाटेखालून वर आला तीन डोक्यांचा राक्षस!”

काय सांगू तुम्हाला! गाय मेली असती तर बरं, अशी शांतता! मागून कुणीतरी पुटपुटलं, “कोंबडी आरवली.” पण मी थांबले नाही, थांबले असते तर रडले असते. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून लपून ऐकलेली गोष्ट, कॉलेजात त्याच धावांवर प्रबंध लिहिलेला, शब्द न् शब्द पाठ! एक डोकं शिव्या देतं, एक रडतं, एक झोपलेलंच असतं, फिन तलवार उपसतो... आणि धाव! घेतला श्वास आणि सोडला घोडा! पाय रोवला तिथे विहीर, पाय उचलला तिथे टेकाड! माझ्या आवाजात ती धाव कधी कुणी ऐकली नव्हती, मीसुद्धा नाही. वाफेने भरलेल्या, मुरघासाच्या वासाच्या त्या अंधारात ती अशी धावली की बसमधल्या बायांनी एकमेकींचे हात धरले! ज्याने पाहिलं त्याने ऐकलं नाही, ज्याने ऐकलं त्याने पाहिलं नाही, आणि जी सांगतेय ती तिथे नव्हतीच! 

आणि मी धावेतून बाहेर पडले, आणि माझी जीभ, शपथेवर सांगते, माझी पदवीधर, शहाणी जीभ आपोआप म्हणाली: “आणि लाटेखालून वर आला एका डो...”

पुढचं काही म्हणजे काही आठवेना! इतक्या वेळा तेच ऐकलेलं ना! डोक्यात नुसता काळोख. प्रबंध गेला, पदवी गेली, मी भिंत चाचपतेय आणि दार नाही... तेव्हा कळलं मला, त्या खुर्चीत कसं वाटत असेल ते.

आणि त्या काळोखातून आवाज आला. शांत. अजिबात न अडखळणारा.

“तो मेला, पोरी. ते तिघंही मेले. आता त्यांच्या म्हातारीला आण.”

आजोबा! ऐकायला बसले तर सगळं आठवत होतं त्यांना! आणि शब्द पुरवला तो कुणी? त्यांनी स्वतः! खिळा ठोकला तर तो माझ्या पेटीला! मागे बार्टलीने चक्क क्रूसाची खूण केली, मला त्याच्या बाहीचा आवाज आला.

मग आणली मी म्हातारीला. राक्षसांच्या आईला. आणि शेवट असा, ऐका: फिनची तलवार तिच्यापुढे चालत नाही. ती चोरलेल्या विस्तवाशी बसलीय, आणि ती म्हणते, “माझी तीन पोरं मारलीस. विस्तव हवा असेल तर खाली बस. मी माझ्या पोरांची गोष्ट सांगणार आहे, ती संपेपर्यंत उठलास तर विस्तव विझला.” आणि फिन बसतो. हिवाळाभर बसतो. आणि संपल्यावर ती त्याच्या ओंजळीत निखारा ठेवते.

“देव तुझ्या पाठीशी, डर्वला,” आजोबा म्हणाले. एकटेच.

कळलं का तुम्हाला? नियम आला कुठून, तो का आहे, हे गोष्टीतच होतं! आणि केला कुणी? बाईने! फिनसमोर बसून गोष्ट सांगणाऱ्या बाईने! आणि हे लोक मला विचारू देत नव्हते!

पुढे काय झालं? टाळ्या? अहो कसल्या टाळ्या! दिवे लागले, बंबात तळाला काळपट कपभर पाणी, चहा नाही, सगळे हॅमच्या सँडविचवर कोरडेच तुटून पडले. फेस्टीकाका आधी जिथे जायचं तिथे धावत जाऊन आले, आणि मग मला घेरलं. फेस्टीकाका, बार्टली, आत्या, सगळी कमिटी. आजोबा तिकडे खुर्चीतच, मांडीवर टोपी.

फेस्टीकाका आवाज खाली आणून म्हणाले, “झालं ते झालं. आता असं करायचं. रेडिओवाला विचारतोय, पहिला राक्षस सारखा का आला. तू त्याला सांग की जुन्या पद्धतीत तो असाच येतो. तू शिकलेली, तुझं ऐकेल. आणि शेवटी कोल्मनचा घसा बसला म्हणून तू थोडा हात दिलास.”

“आणि खुर्चीपाशी जाऊन माफी माग,” बार्टली म्हणाला. “उठलीस म्हणून.”

“माझी गाय नाहीये,” मी म्हटलं.

“डर्वला!” आत्याने माझा दंड धरला. तिचे डोळे भरलेले होते. “एवढंच कर गं. त्यांच्यासाठी. गावाने इतके दिवस त्यांची लाज राखलीय.”

आणि तुम्हाला सांगते, मी हळू बोलू शकले असते. बोलले नाही. 

“नाही,” म्हटलं. “मी खोटं सांगणार नाही आणि माफी मागणार नाही. आजोबा विसरतात! तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि त्यांना सगळ्यांच्या आधीपासून माहीत आहे! सकाळी गाडीत त्यांनी मला विचारलं राक्षस किती! माझ्याऐवजी तुम्ही कुणी असता तर म्हणाला असता, थकलाय! तुम्ही त्यांची लाज राखली नाही, तुम्ही स्वतःची भीती झाकलीत, खिडक्या झाकल्यात तशीच! ते काळोखात एकटे होते आणि तुम्ही म्हणत होतात देव पाठीशी! देव आहे हो पाठीशी, माणूस कुठाय?”

गप्प. सगळे गप्प. फेस्टीकाकांच्या हातातलं सँडविच तोंडाच्या वाटेत थांबलेलं. आत्या खाली बघत होती. बार्टलीचं तोंड उघडं, पण त्यातून नियम बाहेर पडेना. रेडिओवाला वायर गुंडाळायचा थांबला. आमच्या कारिगदूचे एवढे म्हातारे एका वेळी गप्प झालेले आजवर कुणी पाहिले नसतील! मी पाहिले. मी म्हटलं, डर्वला, जिंकलीस. आता कोट घ्यायचा, मान ताठ करायची आणि दाराबाहेर उन्हात जायचं. कोट घेतलाही मी, दारापर्यंत पोचलेही. 

आणि त्या शांततेत खुर्ची करकरली. आजोबांनी इकडे तिकडे पाहिलं. हॉल भरलेला, सगळे गप्प, सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे... त्यांनी टोपी बाजूला ठेवली, घसा साफ केला आणि प्रसन्नपणे म्हणाले,

“तेव्हा मी असतो तर आज नसतो...”

फेस्टीकाका सँडविचसकट जागेवर बसले. बार्टली बसला. आत्या बंबाशेजारी बसली. बसचा ड्रायव्हर, अर्धा दाराबाहेर गेलेला, आत आला आणि बसला. 

आणि मी? एवढं सगळं बोलून, कोट हातात घेऊन, दाराशी उभी असलेली मी? 

पुढच्या रांगेत, त्यांच्या अगदी जवळची खुर्ची रिकामी होती. तिथे जाऊन बसले. काय करणार? लाटेखालून एका डोक्याचा वर यायला लागला होता.